डंबेल सोडला, पण हंडा कुठे सुटला?

आज बचतीचा विषय नाही, कर्जाचा नाही. आज खांद्याबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच खांद्यापासून करते.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत व्यायामशाळा सुरू झाली. सकाळचा एक तास बायकांसाठी मागून घेतला. यायच्या त्या मुख्यतः पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. त्यांच्याबरोबर मीही जायला लागले. वय छत्तीस, दोन मुलं, आणि दिवसभर या गावाहून त्या गावाला गटांच्या बैठका. पहिले आठ दिवस लोक हसले. ‘बाई आता डंबेल उचलणार’ असं पारावर कुणीतरी म्हणालंसुद्धा. म्हणू देत. वजनाचा व्यायाम बायकांनी करावाच असं माझं आजही मत आहे. पाळी गेल्यावर आपली हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, आणि त्यांना टिकवायला जे काही उपयोगी पडतं त्यात स्नायूंना ताण देणारा व्यायाम येतो. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करावा असं सांगते.

पण तिसऱ्या महिन्यात एक दिवस हप्त्यांची वही फडताळावर ठेवायला हात वर केला आणि खांद्यातून कळ आली. मग ते रोजचंच झालं. केसांचा अंबाडा घालताना दुखायचं, ब्लाऊजमधून हात घालताना दुखायचं, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. गंमत अशी, की दुखायचं खांद्याच्या टोकाला नाही, तर खाली दंडाच्या बाहेरच्या बाजूला. मला वाटलं दंडच भरलाय. पण खांद्याचं दुखणं बरेचदा दंडातच जाणवतं.

आता खांदा आतून कसा असतो ते सांगते. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंडा, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती अगदी उथळ असते. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल, पण खांदा म्हणजे चुंबळीवरचा हंडा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. हंडा पडू नये म्हणून आपण हाताने धरतो ना, तसं या गोळ्याला चार लहान स्नायू चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यांची दोरीसारखी टोकं हाडाला जोडलेली असतात, त्यातलं एक टोक खांद्याच्या छपराखालच्या अरुंद जागेतून जातं. दुखतं ते बहुतेक वेळा याच टोकांना. ती झेपेपेक्षा जास्त ताणाने दुखावतात.

ताण जास्त होतो कसा? स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, पण त्याच्या दोरीला महिने लागतात. आपल्याला वाटतं, आता जोर आला, वाढवा वजन. व्यायामशाळेत डंबेल अडीच किलोचे, नंतर एकदम पाचचे. अडीचवरून पाचवर जाणं म्हणजे एका दिवसात दुप्पट. पगार दुप्पट झाला तर बरं वाटेल, खांद्याला नाही वाटत. मी नेमकं हेच केलं होतं. वर ते पाच किलो डोक्यावर नेताना कोपर बाजूला फाकवून आणि कमरेत मागे वाकून उचलत होते, कारण सरळ उभं राहून उचलतच नव्हतं. उचलत नाही म्हणजे वजन जास्त आहे, एवढं साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही.

दुखायला लागल्यावर मी शहाण्यासारखं व्यायामशाळा बंद केली. पंधरा दिवस झाले, महिना झाला. दुखणं तसंच. शेवटी जिल्ह्याच्या गावी भौतिकोपचार करणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी हात वर, मागे, बाजूला फिरवून पाहिला आणि विचारलं, “व्यायाम थांबवलात, मग दिवसभर हात काय करतो?” मी सांगत गेले. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा हंडे भरायचे, कपडे पिळून दोरीवर टाकायचे, माळ्यावरचा डबा काढायचा, धाकट्याला कडेवर घ्यायचं. त्या म्हणाल्या, “हंडा किती लिटरचा?”

पंधरा लिटरचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा किलो पाणी, वर हंड्याचं वजन, आणि तो जमिनीवरून उचलून डोक्यावर चढवायचा. दोन्ही हातांनी का होईना, पण हा व्यायामशाळेतल्यासारखाच डोक्यावर वजन नेण्याचा व्यायाम झाला. सकाळी सहा खेपा. म्हणजे मी पाच किलो बंद केले होते आणि पंधरा किलो चालू ठेवले होते. आपल्या बायकांचं हेच होतं. खांद्याला डंबेल कळत नाही आणि हंडा कळत नाही. त्याला फक्त किती, किती वेळा आणि किती उंच एवढंच कळतं.

घरी येऊन हे सांगणं औषध घेण्यापेक्षा अवघड गेलं. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही नाही का वाहिलं जन्मभर?” वाहिलं खरं. पण त्यांचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही, तो कधीपासून जात नाही हे कुणी विचारलंही नाही. मी वाद घातला नाही. दोन हंडे ओट्याच्या उंचीवर ठेवले, नळाला पाइप लावला, उरलेलं पाणी लहान कळश्यांनी कमरेपर्यंतच उचलायचं असं ठरवलं. आणि सकाळचं पाणी सहा आठवडे धाकट्या दिरांनी भरायचं. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हात अगदी गळ्यात बांधून ठेवायचा मात्र नाही. हालचाल पूर्ण थांबवली तर खांदा आखडतो, आणि मग दुसरंच दुखणं मागे लागतं. दुखरा हात सैल सोडून, दुसऱ्या हाताने टेबलाला धरून, पुढे वाकून पाळण्यासारखे हळू झोके द्यायचे. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं वर चढायचं, दुखायला लागेल तिथे थांबायचं. हे पहिले आठवडाभर. मग सायकलची जुनी ट्यूब लांब कापून घ्या, एक टोक खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर बांधा. खिडकी शेजारी येईल असं उभं राहा, दुखरा हात खिडकीपासून लांबच्या बाजूला हवा. काखेत घडी केलेला टॉवेल, कोपर काटकोनात आणि अंगाला टेकलेलं. ट्यूब पोटासमोरून धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा, दार उघडतो तसा, आणि सावकाश परत आणायचा. दहा-बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा दोनदा. मग खिडकीकडे तोंड करून तीच ट्यूब दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची, आडातून पाणी शेंदल्यासारखी. आपण ढकलण्याचे व्यायाम फार करतो आणि ओढण्याचे विसरतो. पाठ जोरदार असेल तर खांद्याला आधार मिळतो.

किती दुखलं तर चालेल? मी आण्यांचा हिशेब ठेवला. सोळा आणे म्हणजे असह्य दुखणं. व्यायाम करताना चार-पाच आण्यांपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यासारखं झालं, तर चालू ठेवायचं. रात्री झोप मोडली किंवा सकाळी जास्त दुखलं, तर कालचं जास्त झालं, आज कमी करायचं. दुखणं दाबायची गोळी खाऊन त्यावर व्यायाम करायचा नाही. खांदा ओरडून सांगत असतो आणि आपण त्याचं तोंड बांधतो. वजन पुन्हा सुरू करताना निम्म्यावर या, आणि मधली वजनं हवी असतील तर पाण्याच्या बाटल्या पिशवीत घाला. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. मला पूर्ण बरं वाटायला तीन महिने लागले.

आता भरतीच्या मुलींसाठी. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे, आणि मुलींचा गोळा ४ किलोचा. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक तो गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा मागून फेकायची आणि दिवसाला पन्नास-पन्नास वेळा. खांदा धरला. आईचं म्हणणं भरती सोड, लेकीचं म्हणणं हात तुटला तरी चालेल. दोघीही रडायला आलेल्या. मुलींनो, गोळा मानेला, हनुवटीखाली टेकवून पुढे ढकलायचा असतो, आणि जोर पायातून आणि कमरेतून यायचा असतो. तिला दोन आठवडे गोळा बंद, धावणं चालू, ट्यूब चालू असं दिलं. आता ती आठवड्यातून तीन दिवस, मोजून पंधरा वेळा टाकते. चाचणी अजून व्हायची आहे.

काही दुखणी मात्र घरी काढायची नाहीत. पडून किंवा झटका बसून हात उचलताच येईना, खांद्याचा आकार बदलला, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, सूज येऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डाव्या खांद्यात दुखतंय आणि बरोबर छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ आहे, तर तो खांदा नसून काळीज असू शकतं. १०८ ला फोन करा. आणि चाळिशीपुढच्या, विशेषतः साखर असलेल्या बायकांचा खांदा हळूहळू जाम होत गेला, दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल, तर ते वेगळं दुखणं आहे. त्याला अंगात भिनलेला वारा म्हणून तेल चोळत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि साखरही तपासून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने सायकलची एक जुनी ट्यूब घेऊन या. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. सासूबाईही येणार आहेत म्हणाल्या.