रेडिओलहरींची वाटणी

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्या मंडळींना एक प्रश्न विचारा : पेजर कसा होता? कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली एक छोटी डबी त्यांना आठवेल. ती मध्येच ‘पीं पीं’ असा आवाज करी आणि तिच्या चिमुकल्या पडद्यावर एक टेलिफोन क्रमांक उमटे. मग तो मनुष्य जवळपासचा टेलिफोन शोधून त्या क्रमांकावर बोलत असे. आपल्या देशात ही सेवा १९९५ साली सुरू झाली, आणि मोबाइल फोन स्वस्त झाल्यावर काही वर्षांतच ती मागे पडली.

परंतु या लहानशा यंत्राच्या निमित्ताने अमेरिकेत १९९४ साली एका जुन्या प्रश्नाला नवे उत्तर मिळाले. प्रश्न असा : रेडिओलहरी कोणीच निर्माण करून ठेवलेल्या नाहीत, त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत, पण हव्या मात्र अनेकांना आहेत. मग त्या कोणाला द्यायच्या आणि कशा?

परवाना कशाला हवा?

अशी कल्पना करा, की तुमच्या वर्गात दोन शिक्षक एकाच वेळी मोठ्याने दोन वेगवेगळे धडे शिकवू लागले. तुम्हाला एकही धडा नीट कळणार नाही. रेडिओचेही तसेच आहे. प्रत्येक प्रक्षेपक ठरावीक कंप्रतेच्या लहरी पाठवतो. जवळजवळच्या दोन प्रक्षेपकांनी एकच कंप्रता वापरली, तर ऐकणाऱ्याच्या यंत्रात दोन्ही संदेशांची सरमिसळ होते.

हा अनुभव अमेरिकेने प्रत्यक्ष घेतला आहे. १९२६ साली शिकागोच्या एका न्यायालयाने असा निर्णय दिला, की सरकारला रेडिओ केंद्रांवर कंप्रतेचे बंधन घालण्याचा अधिकारच कायद्याने दिलेला नाही. मग काय विचारता! काही महिन्यांत दोनशेच्या आसपास नवी केंद्रे निघाली. मनाला येईल ती कंप्रता आणि हवी तेवढी शक्ती वापरणे सुरू झाले. घरोघरच्या रेडिओंतून गाण्यांऐवजी शिट्ट्या आणि खरखर ऐकू येऊ लागली. अखेर फेब्रुवारी १९२७ मध्ये नवा कायदा झाला आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करण्यास बंदी आली. १९३४ पासून हे काम ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ या आयोगाकडे आहे.

पेजरची काटकसर

पेजरसाठी या लहरींची किती रुंद पट्टी लागते? अगदी अरुंद! त्याचे कारण समजण्यासाठी पेजरचे काम कसे चालते ते पाहू.

पेजर केंद्राचा प्रक्षेपक सर्व संदेश सर्वांसाठीच पाठवतो. प्रत्येक पेजरला स्वतःचा एक सांकेतिक क्रमांक असतो. आपला क्रमांक आला तरच तो संदेश दाखवतो, एरवी गप्प राहतो. पोस्टमनने चौकात उभे राहून सगळी पत्रे मोठ्याने वाचावीत आणि ज्याचे नाव येईल त्याने तेवढे ऐकावे, तसाच हा प्रकार आहे.

‘पॉकसॅग’ नावाच्या प्रचलित संकेतपद्धतीत संदेशाचे तुकडे ३२ बिटांचे असतात. बिट म्हणजे ० किंवा १. एक अंक लिहायला ४ बिटे लागतात, आणि एका तुकड्यात ५ अंक मावतात. म्हणजे त्याची २० बिटे झाली. उरलेल्या १२ बिटांपैकी एक बिट हा तुकडा पत्त्याचा की संदेशाचा हे सांगते, आणि बाकीची ११ बिटे वाटेत झालेली चूक ओळखण्यासाठी असतात. आता दहा अंकी टेलिफोन क्रमांक पाठवायचा आहे. पत्त्याचा एक तुकडा आणि अंकांचे दोन, असे तीन तुकडे, म्हणजे ९६ बिटे झाली. वेग सेकंदाला १,२०० बिटांचा असेल, तर सेकंदाला सुमारे १२ आणि तासाला ४५,००० संदेश जातील. पेजरांना जुळवून घेण्यासाठी काही बिटे खर्च होतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी असतो. पण तीन-तीन मिनिटांचे संभाषण करायचे म्हटले, तर एका वाटेवरून तासाला फक्त २० संभाषणे होतील! एवढ्या काटकसरीने चालणारी सेवा स्वस्तात देता येत असे. म्हणून तिचे परवाने मिळवण्यासाठी कंपन्यांची झुंबड उडाली.

सुनावणी आणि सोडत

परवाने थोडे आणि अर्जदार पुष्कळ. अशा वेळी काय करायचे?

पहिली रीत सुनावणीची. प्रत्येक अर्जदाराने आपणच योग्य कसे हे आयोगापुढे सांगायचे, आणि आयोगाने निवड करायची. यात कागदांचे ढीग साचत, वकिलांचे भले होई, आणि निर्णयाला वर्षे लागत. शिवाय निवड खरोखर गुणांवर झाली की वशिल्यावर, ही शंका उरेच.

दुसरी रीत सोडतीची. १९८१ साली अमेरिकेच्या संसदेने तिला मान्यता दिली. चिठ्ठी टाकून निवड केली की पक्षपात नाही, असा विचार होता. झाले मात्र भलतेच. मोबाइल टेलिफोनच्या परवान्यांसाठी जवळजवळ चार लाख अर्ज आले. ज्यांना टेलिफोनचे काहीच ज्ञान नव्हते, असेही लोक अर्ज भरू लागले. १९८९ साली केप कॉड या किनारपट्टीच्या भागाचा परवाना अशाच एका अपरिचित गटाला लागला. त्यांनी तो साउथवेस्टर्न बेल या कंपनीला ४ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकला! ही संपत्ती जनतेची होती, पण तिचे मोल एका चिठ्ठीने मूठभर लोकांच्या खिशात गेले.

तिसरी रीत लिलावाची. ती सुचवली होती एका विद्यार्थ्याने. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या लिओ हर्झेल याने १९५१ साली ही कल्पना मांडली. १९५९ साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने तिचा पुरस्कार केला. कोस आयोगापुढे बोलायला गेले तेव्हा, ही सगळी थट्टा तर नव्हे ना, असे एका सदस्याने त्यांना विचारले होते. पुढे १९९१ साली कोस यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९९३ साली अमेरिकेने लिलावाचा कायदा केला.

सत्तेचाळीस फेऱ्या

लिलाव म्हणजे काय सोपी गोष्ट, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. न्यूझीलंडमध्ये १९९० साली बंद लिफाफ्यातून बोली मागवल्या होत्या. नियम असा होता, की सर्वांत मोठी बोली करणारा जिंकेल, पण किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी देईल. एका परवान्याला पहिली बोली एक लाख डॉलरची आली आणि दुसरी फक्त सहा डॉलरची. जिंकणाऱ्याने सहा डॉलर भरले आणि परवाना नेला! सरकारने कमीत कमी किंमत ठरवलीच नव्हती. नियमातील एक लहानशी फट किती महाग पडते, ते यावरून दिसते.

म्हणून अमेरिकेने अर्थशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट विल्सन आणि त्यांचे एके काळचे विद्यार्थी पॉल मिलग्रॉम यांनी, तसेच प्रेस्टन मॅकॅफी यांनी एक नवी पद्धत सुचवली. परवाने एकामागून एक न विकता सर्व एकाच वेळी विक्रीला काढायचे. फेरीमागून फेरी घ्यायची आणि प्रत्येक फेरीनंतर सर्व बोली जाहीर करायच्या. जोपर्यंत एका जरी परवान्यावर नवी बोली येत आहे, तोपर्यंत कोणताच परवाना बंद करायचा नाही. त्यामुळे एक महाग झाला तर दुसऱ्याकडे वळता येते. आणखी एक नियम होता. जो सुरुवातीपासून बोली करीत राहील, त्यालाच पुढे बोली करता येईल. नाहीतर सगळेच शेवटच्या क्षणाची वाट पाहत बसले असते.

२५ जुलै १९९४ रोजी वॉशिंग्टनमध्ये हा लिलाव सुरू झाला. विक्रीला होते देशभराच्या नव्या पेजिंग सेवांचे दहा परवाने. ९०१, ९३० आणि ९४० मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या अरुंद पट्ट्यांतील हे परवाने होते. काही परवान्यांत दोन वाटा होत्या, म्हणजे पेजरवरून उलट उत्तरही पाठवता येणार होते. दहाही परवाने मिळून जेमतेम पाऊण मेगाहर्ट्झच्या वर होत. अमेरिकेत एका दूरचित्रवाणी वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ लागत असत, हे लक्षात घेतले म्हणजे ही जागा किती लहान होती ते कळेल. पाच दिवसांत ४७ फेऱ्या झाल्या. सर्वांत रुंद पाच परवाने प्रत्येकी सुमारे ८ कोटी डॉलरना गेले. एकूण रक्कम झाली सुमारे ६१ कोटी ७० लाख डॉलर! विल्सन आणि मिलग्रॉम यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चिंचोक्यांची बरणी

बोली उघड ठेवण्यामागे एक गंमतीचे गणित आहे. वर्गात करून पाहा. एका काचेच्या बरणीत मोजून चिंचोके भरा. प्रत्येकाने आपला अंदाज गुपचूप कागदावर लिहावा. आता एका चिंचोक्याची किंमत एक रुपया धरा, आणि ज्याचा अंदाज सर्वांत मोठा त्याने तेवढ्या रुपयांना बरणी विकत घ्यावी. सर्व अंदाजांची सरासरी बहुधा खऱ्या संख्येच्या आसपास येईल. पण सर्वांत मोठा अंदाज हा सरासरीच्या बराच वर असणार. म्हणजे जो जिंकला तोच फसला! याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. विल्सन यांनी याचाच गणिती अभ्यास केला होता. इतरांच्या बोली दिसत असतील तर त्यांचे अंदाजही कळतात आणि आपली चूक वेळीच सुधारता येते. हाच खेळ उघड बोलीने पुन्हा खेळा आणि दोन्ही वेळच्या किमती फळ्यावर लिहून तुलना करा.

अर्थात उघड लिलावालाही भविष्य दिसत नाही. मोबाइल फोन इतक्या लवकर स्वस्त होतील, हे त्या ४७ फेऱ्यांत कोणालाच उमगले नाही. तीन परवाने घेणाऱ्या पेजिंग नेटवर्क या कंपनीवर २००० सालीच दिवाळखोरीची वेळ आली.

पैसा हेच सर्वस्व नव्हे

आपल्याकडेही हा प्रश्न आला. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००८ साली ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या पद्धतीने वाटलेले मोबाइलचे १२२ परवाने याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले. मात्र त्याच वर्षी न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की प्रत्येक नैसर्गिक संपत्ती लिलावानेच दिली पाहिजे असा काही नियम नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात लिलाव ही सर्वसाधारण रीत मानली आहे, पण आपत्ती निवारण, हवामानाचे अंदाज अशा कामांना त्यातून वगळले आहे.

हे योग्यच नव्हे काय? पुराच्या वेळी बोटीतून माणसे काढणाऱ्या पथकाने बिनतारी यंत्रासाठी कंपन्यांशी बोली करावी, असे कोणीच म्हणणार नाही. जिथे नफा आहे तिथे लोकांना मोल मिळावे, आणि जिथे जीव वाचवायचे आहेत तिथे वाट मोकळी असावी. ही सीमा कुठे आखायची, हे ठरवण्याचे काम उद्या तुमच्यापैकीच कोणाकडे तरी येणार आहे. तेव्हा ती चिंचोक्यांची बरणी आणि ते सहा डॉलर आठवणीत ठेवा.