गडबड, गोंधळ आणि गोल्ड डिस्क

सुपरहिट गाणं कसं जन्माला येतं? महागडा स्टुडिओ, नामवंत संगीतकार, महिनोन्महिने रियाज? छे हो! रॉक आणि सोलच्या सुवर्णकाळात ही कामगिरी झोपेने केली, चुकीने केली, आगीने केली आणि एकदा तर नुसतं बघायला आलेल्या पाहुण्याने केली. व्हॉल्यूम वाढवा, मंडळी. सुरुवात करू या झोपेपासून!

माहीत आहे का, बीटल्सच्या ‘येस्टरडे’ची अख्खी चाल पॉल मॅकार्टनीला स्वप्नात सुचली? उठला तो थेट पलंगाशेजारच्या पियानोवर. चाल इतकी तयार होती की त्यालाच धास्ती, ही आपण नकळत कुणाची ढापली तर नाही ना? मग भेटेल त्याला ऐकवत फिरला. कुणीच दावा सांगेना, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. शब्द मात्र सुचेनात. म्हणून कामचलाऊ नाव ठेवलं ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’. जगातलं हे हळवं विरहगीत बरेच महिने चक्क अंडाभुर्जीच्या नावाने नांदत होतं! १९६५च्या जूनमध्ये रेकॉर्डिंग झालं तेव्हा बाकीचे तिघे बीटल्स त्यात वाजवायलाही नव्हते. पॉल, त्याची गिटार आणि चार व्हायोलिन-चेलोवाले. बस्स!

त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्सही झोपेतच मालामाल झाला. सकाळी बघतो तर उशाजवळच्या कॅसेट रेकॉर्डरची टेप शेवटपर्यंत फिरलेली. रिवाइंड केली. आधी ‘सॅटिस्फॅक्शन’चा तो जगप्रसिद्ध गिटार रिफ आणि पुढे चाळीसेक मिनिटं स्वतःचं घोरणं! रात्री कधी उठलो, कधी वाजवलं, काही म्हणजे काही आठवेना.

थांबा, गंमत पुढेच आहे. गिटारचा तो खरखरीत ‘फझ’ आवाज फक्त खूण म्हणून वाजवला होता. तिथे नंतर ट्रम्पेट-सॅक्सोफोन यावेत अशी कीथची इच्छा. बाकीच्यांनी त्याला बहुमताने गप्प केलं आणि खूणच फायनल झाली. कीथच्या मनातले ब्रास मग कुणी वाजवले? सोलचा बादशहा ओटिस रेडिंगने! त्याने त्याच वर्षी हे गाणं दणदणीत ब्रासवर गायलं. ऐकाच!

आणि ओटिसचं स्वतःचं ‘रिस्पेक्ट’? १९६५ची मूळ रेकॉर्ड एका नवऱ्याची कैफियत आहे: दमून घरी येतोय, जरा मान द्या. दोन वर्षांनी अरिथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं, शीर्षकाचं एकेक अक्षर ठणकावून उच्चारलं, कोरसला आपल्या बहिणी उभ्या केल्या आणि सगळा खेळच उलटा केला. रेकॉर्डिंगची तारीख? १४ फेब्रुवारी १९६७. व्हॅलेंटाइन डे! गुलाब वगैरे नंतर, आधी मान. गाणं लिहिलं ओटिसने, पण ते कायमचं झालं अरिथाचं.

आता जरा सावकाश. ओटिसच्या ‘डॉक ऑफ द बे’च्या शेवटी एक निवांत शीळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोला, एका हाउसबोटीवर मुक्कामाला असताना त्याने हे गाणं लिहायला घेतलं. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं, पण शेवटी काय गायचं ते ठरलंच नव्हतं. तेवढी जागा त्याने शीळ घालून भरून काढली. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमध्ये त्याचं विमान गोठणाऱ्या तळ्यात कोसळलं. वय अवघं २६. त्याचा सहलेखक, गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपरने रडवेल्या डोळ्यांनी मिक्सिंग पुरं केलं, लाटांचे आणि सीगल पक्ष्यांचे आवाज घातले. शीळ तशीच ठेवली. १९६८मध्ये हे अमेरिकन चार्टवर गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या नंबरला पोचलेलं पहिलं गाणं ठरलं.

माहीत आहे का, एक सोल स्टार विमानाची टॉयलेट बनवायचा? बिल विदर्स! वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणगावात जन्म, लहानपणी तोतरेपणा, नौदलात नऊ वर्षं आणि मग लॉस एंजेलिसच्या कारखान्यात बोइंग ७४७च्या संडासांची जोडणी. तिशी उलटल्यावर पहिला अल्बम. त्याच्या मुखपृष्ठावर बघा, पठ्ठ्या कारखान्यात उभा आहे आणि हातात जेवणाचा डबा आहे! त्यातल्या ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये एक दोन शब्दांचं पालुपद सलग २६ वेळा येतं. का? तिथे तिसरं कडवं लिहायचं राहिलं होतं. बिल म्हणाला, नंतर लिहितो. स्टुडिओतले मुरलेले वादक म्हणाले, अजिबात नको, असंच राहू दे. नवखा बिल मुकाट ऐकता झाला. गाणं १९७१मध्ये गाजलं, ग्रॅमीही मिळालं. पण नोकरी? ती त्याने लगेच सोडली नाही! संगीताचा धंदा बेभरवशाचा, हातातला पगार का सोडा? गाणं गोल्ड झालं तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला भेट काय दिली असेल? सोनेरी टॉयलेट सीट! मला विचाराल तर या अख्ख्या यादीतला सगळ्यात जमिनीवर पाय असलेला हीरो हाच.

जमिनीवरून आठवलं. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधला तो वळणावळणाचा बास जेम्स जेमर्सनने जमिनीवर पाठ टेकून वाजवला! त्याला बारमधून उचलून आणलं होतं, बसायची शुद्ध नव्हती. बोटं मात्र शुद्धीवर होती. सुरुवातीचा सॅक्सोफोन? तो तर एली फाँटेनचा वॉर्म-अप होता. तो म्हणाला, मी अजून सुरूच केलेलं नाही. मार्विन म्हणाला, झालं, जा घरी! आणि गाण्यात मार्विनचे दोन आवाज एकमेकांत मिसळतात ना? इंजिनिअरने दोन वेगवेगळे टेक चुकून एकदम लावले, मार्विनला ते आवडले. मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डीला मात्र गाणंच पसंत नव्हतं. जानेवारी १९७१मध्ये ते बाजारात आलं आणि धडाधड विकलं गेलं. मग गॉर्डीनेच घाई लावली, अख्खा अल्बम दे!

बाय द वे, हा गॉर्डी एकेकाळी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात होता. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने १९५९मध्ये कंपनी काढली. सांगाड्यापासून चकचकीत गाडीपर्यंतची असेंब्ली लाइन त्याने गाण्यांना लावली. दर आठवड्याला क्वालिटी कंट्रोलची बैठक. नापास गाणं परत!

आगंतुक पाहुणा कोण, विचारताय? अल कूपर, वय २१. जून १९६५, न्यूयॉर्क, बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चं सेशन. निर्मात्याच्या ओळखीने हा बघायला आला, मनात गिटार वाजवायचा बेत. पण मायकेल ब्लूमफील्डची गिटार ऐकली आणि आपली मुकाट्याने बाजूला ठेवली. ऑर्गन रिकामा दिसला, जाऊन बसला. ऑर्गन येत होता का? जेमतेम! बाकीचे कुठला कॉर्ड घेतात ते ऐकून मग बोटं टेकवायची, म्हणून तो किंचित मागून येतो. निर्माता म्हणाला, हा ऑर्गनवाला नाही. डिलन म्हणाला, ऑर्गन वाढवा. आज तो किंचित उशिराचा ऑर्गन काढून टाकलात, तर गाणं ओळखू येणार नाही.

क्विक क्विझ! अमेरिकेच्या एफबीआयने कुठल्या गाण्याची फाइल उघडली? ‘लुई लुई’! १९६३मध्ये किंग्समेन बँडने स्वस्तात रेकॉर्ड केलं. माइक इतका उंच की गायक मान वर करून ओरडतोय आणि शब्द कुणाला म्हणजे कुणाला कळेना. पालकांना वाटलं, नक्की अश्लील असणार. एफबीआयने रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडवर फिरवून फिरवून ऐकली. निष्कर्ष? काहीच कळत नाही. केस बंद, खप चालू!

आता आग. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. कॅसिनोत फ्रँक झाप्पाचा शो रंगात आलेला असताना प्रेक्षकांतल्या एकाने छताकडे फ्लेअर गन झाडली. इमारत भस्मसात. माँत्रो जॅझ फेस्टिव्हलचा संस्थापक क्लॉड नोब्सने पोरांना ओढून ओढून बाहेर काढलं आणि सुदैवाने कुणी दगावलं नाही. डीप पर्पल बँडवाले दुसऱ्या दिवसापासून तिथेच रेकॉर्डिंग करणार होते. त्यांनी हॉटेलातून तळ्यावर पसरलेला धूर पाहिला. काही दिवसांनी बासिस्ट रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो गाण्याचं नाव बडबडतच: ‘स्मोक ऑन द वॉटर’! (बघा, पुन्हा झोप.) नवा गिटारवाला दुकानात शिरला की पहिला रिफ हाच वाजवतो.

त्याच माँत्रोत, त्याच तळ्याकाठी आज कुणाचा पुतळा आहे, माहीत आहे का? आपल्या पाचगणीच्या पोराचा! फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा. पारशी घर, १९४६मध्ये झांझिबारला जन्म आणि शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच, पियानोचे धडे तिथलेच, पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ही तिथलाच. आणि त्या बँडचा मुख्य गायक दुसराच होता! फ्रेडी पियानोवर. ज्या गळ्याने पुढे वेम्बली स्टेडियम डोक्यावर घेतलं, तो शाळेच्या बँडमध्ये मागच्या रांगेत. पाचगणीला जाऊन नुसती स्ट्रॉबेरी खाऊन परतणाऱ्यांनो, शाळेवरून जाताना एक सलाम ठोका की!

याच फ्रेडीच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने १९७५मध्ये सगळे नियम मोडले. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. कोरस नाही, मध्येच ऑपेरा. रेडिओवर हे कोण लावणार, असा रेकॉर्ड कंपनीचा सवाल. डीजे केनी एव्हरेटने एका वीकेंडला १४ वेळा लावलं! ऑपेराच्या भागात शेकडो गायक वाटतात, पण आहेत तिघेच. फ्रेडी आणि त्याचे बँडमधले साथी ब्रायन मे आणि रॉजर टेलर. एकावर एक इतके आवाज चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे नंबर वन, १९९१मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा नंबर वन. एकाच रेकॉर्डने दोनदा ख्रिसमसचा पहिला नंबर पटकावण्याचा मान सर्वात आधी तिलाच मिळाला.

मुंबईकरांनो, तुमचाही नंबर आहे! जानेवारी १९६८मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘द इनर लाइट’चं संगीत रेकॉर्ड केलं. आशय चीनच्या ‘ताओ ते चिंग’मधला, वाद्यं मुंबईत, गळा लंडनमध्ये. ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलेलं हे जॉर्जचं बीटल्स सिंगलवरचं पहिलं गाणं.

जॉर्जचा दोस्त एरिक क्लॅप्टन मात्र जॉर्जच्याच बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडला. उघड बोलायची सोय नाही. मग त्याने निझामीच्या फारसी काव्यातली नायिका उसनी घेतली आणि १९७०मध्ये ‘लैला’ गायली. आपली लैला-मजनूवाली लैला! पॅटी १९७९मध्ये एरिकची झाली आणि त्या लग्नाच्या पार्टीला जॉर्ज हजर होता.

तबलेवाले कुठे आहेत? पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’वर ठेका धरून बघा. सात मात्रा! आपल्या रूपकाइतक्याच. सुरुवातीचा नाण्यांचा खळखळाट रॉजर वॉटर्सने घरीच बनवला. त्याची बायको मातीची भांडी करायची, तिच्या माती कालवायच्या भांड्यात त्याने नाणी फेकली. त्याच अल्बममध्ये शब्दांविना आर्त गाणारी क्लेअर टॉरी आठवते? रविवारचा दुप्पट दर धरून तिला मिळाले ३० पौंड. संगीताचं सहश्रेय मिळायला २००५ उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

रॉक’न’रोल आणि आपला गोवा एकाच रेकॉर्डवर आहेत, माहीत आहे का? १९७७मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ आहे आणि केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही आहे! व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. यापेक्षा लांबचा दौरा कुणी केलाय?

जाता जाता एक काम सांगते, करा. रोलिंग स्टोन्सचं ‘गिमी शेल्टर’ हेडफोन लावून ऐका. १९६९, लॉस एंजेलिस, मध्यरात्र. स्टोन्सना अचानक बाईचा आवाज हवा झाला. फोन गेला मेरी क्लेटनला. ती गरोदर, केसांना रोलर्स लावून झोपायच्या तयारीत. तशीच आली आणि मोजक्या टेकमध्ये जीव ओतून गाऊन गेली. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास तिचा आवाज वरच्या सुरात अक्षरशः फाटतो आणि मागे मिक जॅगर आनंदाने ओरडल्याचं स्पष्ट ऐकू येतं. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. पुढची कित्येक वर्षं तिला ते गाणं ऐकवत नव्हतं. स्टोन्सची नावं सगळ्यांना पाठ आहेत. हे गाणं पुन्हा कुणाला ऐकवाल, तेव्हा मेरी क्लेटनचं नाव आधी घ्या.