घरातील बैठकीत कर्णे कोठे ठेवावेत?

खामगाव, चिखली, मेहकर किंवा मलकापूर, कोणत्याही गावी साऊंड सर्व्हिसच्या दुकानात घटकाभर बसले की हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो. ‘आमच्याकडे जुने कर्णे आहेत, घरात ऐकायला लावून द्याल का?’ याची दोन कारणे आहेत. आपल्या भागातील एकपडदा चित्रपटगृहे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकामागून एक बंद पडली आणि पडद्यामागचे मोठमोठे कर्णे भंगाराच्या भावात बाहेर आले. त्यातले काही हौशी लोकांनी उचलले. दुसरे असे की, २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यात अनेक धार्मिक स्थळांवरचे भोंगे खाली उतरले व तेही कपाटावर धूळ खात पडले आहेत. दोन्ही मालाला लोक ‘कर्णा’च म्हणतात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो.

छतावर लावायचा ॲल्युमिनियमचा भोंगा हा माणसाच्या बोलण्यासाठी बनविलेला असतो. सेकंदाला साधारण अडीचशे कंपनांपासून सहा-सात हजार कंपनांपर्यंतचा आवाज तो देतो. त्याखालचा खर्ज त्यात नसतोच. तबल्याचा डग्गा त्यावर ऐकणे म्हणजे डब्यावर थाप मारल्यासारखे. शिवाय त्याच्या पाठीशी बहुधा शंभर व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो न काढता घरच्या ॲम्प्लिफायरला जोडला तर आवाज दबका येतो आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘युनिट गेले.’ असा भोंगा कोणी गाणी ऐकण्यासाठी लावून मागितला तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी कायमचे गिऱ्हाईक गमावणे परवडत नाही.

सिनेमाच्या कर्ण्याची गोष्ट निराळी. त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ग्रामोफोनला तर वीजच नव्हती, सुईच्या कंपनाला मोठे करण्याचे सगळे काम कर्णाच करी. पुढे बोलपट आले तेव्हा ॲम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे असत आणि तेवढ्यावर हजार माणसांचे थिएटर भरायचे असे. ते कर्ण्यावाचून शक्य नव्हते. १९४६ साली अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी घराच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा बाजारात आणला. खोलीच्या दोन भिंती हेच त्याच्या तोंडाचे पुढचे भाग, अशी त्याची युक्ती होती. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी छोट्या बंद पेटीतून खर्ज काढून दाखविला आणि घरांतून कर्णे हळूहळू हद्दपार झाले.

तरीही हौशी मंडळी कर्ण्यामागे का धावतात, हे समजून घेतले पाहिजे. नेहमीच्या पेटीला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ८७-८८ डेसिबल आवाज मिळतो. चांगला कर्णा तेवढ्याच विजेत १०२-१०३ डेसिबल देतो. हा पंधरा डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे तीसपट शक्ती. पेटीला जेथे शंभर वॉट लागतात तेथे कर्ण्याला तीन-साडेतीन पुरतात. म्हणून ‘किती वॉटचा ॲम्प्लिफायर घेऊ?’ असे कोणी विचारले तर आम्ही दहा वॉट सांगतो आणि समोरच्याला आपण चेष्टा करतो आहोत असे वाटते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. ॲम्प्लिफायरची जी गुणगुण पेटीवर ऐकूही येत नाही ती कर्णा चव्हाट्यावर आणतो. तेव्हा वॉट कमी पण शांत असे यंत्र घ्यावे आणि अर्थिंग नीट तपासावे.

आता जागेचा प्रश्न. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. म्हणजे शंभर कंपनांच्या आवाजाची एक लहर साडेतीन मीटर, जवळजवळ अकरा फूट लांब असते, आणि हजार कंपनांची फक्त सव्वा फुटाच्या आत. आपल्याकडची बैठकीची खोली दहा बाय बाराची. तेव्हा खर्जाची लहर खोलीच्या मापाची आणि बारीक आवाजाची लहर हातात मावणारी. दोहोंना एकच नियम लागू पडत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

खर्ज भिंतींच्या तालावर नाचतो. बारा फुटांच्या लांबीत ४७ कंपनांचा आवाज फुगतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ चा. आता छतही दहा फुटांवर असेल तर तोच ५६ चा आवाज दोन दिशांनी फुगणार. चौरस खोली म्हणूनच सर्वांत वाईट. फुगवटा भिंतीपाशी जास्त असतो आणि खोलीच्या ऐन मध्यभागी तोच आवाज गायब होतो. आपल्या घरांत गादी-लोड भिंतीला टेकवलेली असते, त्यामुळे बसणाऱ्याला खर्जाचा नुसता घुमारा ऐकू येतो. लोड भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावा, एवढे सांगून आम्ही कित्येकांची तक्रार फुकटात मिटवली आहे. घरातली म्हातारी माणसे मात्र रागावतात. पाठीला भिंत नको म्हणणारे कसले हे ऐकणे, असे एका आजींनी आम्हाला सुनावले आणि त्यांचेही खोटे नव्हते.

कोपऱ्याबद्दल आमची स्वतःची फजिती सांगतो. चिखलीकडच्या एका गृहस्थांकडे दोन कर्णे दोन कोपऱ्यांत लावले. डावा भरदार वाजे, उजवा किडकिडीत. आम्ही युनिट बदलले, वायरी बदलल्या, ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी घरातल्या पोराने वाऱ्याने आपटणारे दार लावून घेतले आणि उजवा कर्णा एकदम जागा झाला! उजव्या कोपऱ्यालगतच दार होते. दार उघडे म्हणजे कोपरा अर्धाच, खर्ज सरळ ओसरीवर निघून जात होता. तेव्हापासून आम्ही आधी खोली पाहतो, मग सामान उतरवतो. दोन्ही कोपऱ्यांना किमान तीन-चार फूट अखंड भिंत असेल तरच कर्णा कोपऱ्यात द्यावा. एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात लोखंडी कपाट असेल तर दोन्ही कर्णे कोपऱ्यातून बाहेर काढून सारख्या अंतरावर ठेवणे बरे. लोखंडी कपाटाचे दार आणि मांडणीवरची स्टीलची भांडी ५०-६० कंपनांना थरथरतात. कर्णा फाटला म्हणून आलेल्या तक्रारींत ताट-वाट्यांचा वाटा मोठा आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहसा दहा फुटांच्या भिंतीशी कर्णे ठेवतो आणि त्यांची तोंडे लांबीच्या दिशेने करतो. दोघांच्या मध्यांत सहा ते सात फूट अंतर ठेवावे. ऐकणारा आठ फुटांवर यावा. याहून जवळ बसले तर खालच्या कर्ण्याचा व वरच्या कर्ण्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, गायक दोन तुकड्यांत गातो असे वाटते. सिनेमाचा कर्णा शंभर फुटांवरच्या माणसासाठी बनलेला, आठ फुटांवर त्याला वळण लावायला वेळ द्यावाच लागतो.

उंचीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. खुर्चीवर बसलेल्याचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो, गादीवर बसलेल्याचा अडीच फुटांवर. परदेशी मापे खुर्ची गृहीत धरतात. आपली बैठक खाली असेल तर वरचा कर्णा मागून पाचर देऊन थोडा पुढे झुकवावा. एक इंच लाकडाच्या तुकड्याने आवाज डोक्यावरून कानात येतो.

आणि तोंड कोठे वळवायचे? एकटा ऐकणारा असेल तर दोन्ही कर्णे सरळ त्याच्या कानांकडे. पण आपल्याकडे एकटे ऐकणे असते कोठे? कव्वाली लावली की शेजारचे दोघे येऊन बसतात. अशा वेळी कर्णे आणखी आत वळवावेत, म्हणजे त्यांच्या रेषा ऐकणाऱ्यांच्या एक-दोन फूट पुढे एकमेकींना छेदतील. डावीकडे बसलेल्याला डावा कर्णा जवळचा पण आडवा पडतो, उजवा लांबचा पण थेट समोर येतो. जवळीक आणि रोख यांची अशी वजाबाकी होऊन दोघांनाही गायक मध्येच ऐकू येतो. पेटीत हे तितके साधत नाही, कारण पेटी आवाज चोहीकडे सांडते आणि कर्णा तो बांधून देतो.

जोडणीत दोन गोष्टी पाहाव्यात. खर्जाच्या दोन्ही कोनांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही एकाच वेळी पुढे येतात का ते बघावे. एक पुढे, एक मागे गेला तर वायर उलट आहे. बारीक आवाजाच्या युनिटला मात्र सेल लावू नये. त्याचा पडदा नाजूक असतो व दिसतही नाही. तेथे वायर उलटसुलट करून कानानेच ठरवावे. या युनिटच्या ओळीत कंडेन्सर हवाच. ८ ओहमच्या युनिटला १० मायक्रोफॅरडचा, प्लस-मायनस नसलेला कंडेन्सर सुमारे दोन हजार कंपनांखालचा आवाज हळूहळू उतरवतो. युनिट त्याहून खाली चालवायचे असेल तर कंडेन्सर मोठा लागेल. खर्जाचा कर्णा आत दुमडलेला, आठ फूट लांब असेल तर त्याचा आवाज सात सहस्रांश सेकंद उशिरा निघतो. पूर्वी यावर उपाय म्हणजे वरचा कर्णा मागे सरकवणे. छोट्या खोलीत तो किती सरकणार? आता आवाज लांबणीवर टाकणारी डिजिटल कार्डे मिळतात. ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

राहिल्या भिंती. मातीच्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात कर्णा गोड वाजतो, कारण खडबडीत माती थोडा आवाज पिते. सिमेंटच्या गिलाव्याच्या स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवून पाहा, ती झणझणत परतते. उपाय महाग नाही. मदतनिसाने हातात आरसा धरून बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यावा. ऐकण्याच्या जागेवरून जेथे आरशात कर्णा दिसेल तेथून आवाज परततो. तेथे मऊ काही लावावे. खाली सतरंजी अंथरावी.

येथे आम्हाला आपल्या पिंजारी-मन्सुरी बांधवांची आठवण होते. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजणाची मागणी ओसरली. आता शहरांतील दुकाने याच कामासाठी फोमचे तुकडे विकतात. पातळ फोम फक्त अगदी बारीक आवाज पितो आणि खोली बहिरी करतो. त्याऐवजी चार फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट, आत चार इंच जाड पिंजलेला कापूस, वर मांजरपाट, आणि भिंतीपासून चार इंच पोकळी सोडून टांगणी. पोकळीमुळे हीच गादी बोलण्याच्या खालच्या पट्टीपर्यंत काम करते. कापूस उभ्या चौकटीत खाली बसतो, म्हणून गादीसारखे टाके घालावे लागतात आणि काही वर्षांनी पुन्हा पिंजावा लागतो. ते फोम विकणाऱ्याला येत नाही, पिंजाऱ्याला येते. खामगावचा कापूस बाजार उशाशी असताना हा माल बाहेरून का यावा? एका खोलीला चार ते सहा चौकटी लागतात. सुतार, पिंजारी आणि साऊंडवाला तिघांनी मिळून काम घेतले तर प्रत्येकाला मजुरी सुटते. दोन पथ्ये पाळावीत. कापूस गरम होणाऱ्या ॲम्प्लिफायरजवळ किंवा उघड्या वायरीजवळ टांगू नये, आणि मागची बाजू जाळीने बंद करावी, नाहीतर उंदरांची सोय होते.

शेजाऱ्यांचा हिशेब आधीच सांगून ठेवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. कर्णा खिडकीकडे तोंड करून ठेवला तर तो गल्लीतच वाजतो. तोंड घराच्या आतल्या भिंतीकडे असावे. बसवून झाल्यावर आम्ही स्वतः रस्त्यावर उभे राहून ऐकतो आणि आवाजाच्या बटणावर रंगाचा ठिपका देतो, रात्री याच्या पुढे नाही.

बुलढाणा गाव डोंगरावर असल्याने तेथे जमून जाते, पण खामगाव-मलकापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालू असताना यातले काहीच नीट तपासता येत नाही. पंख्याच्या घरघरीत गिऱ्हाईक आवाज वाढवत जाते आणि कूलर बंद होताच दचकते. त्यामुळे उन्हाळ्यात आलेले काम आम्ही पहाटे, फजरनंतर करतो. तेव्हा घर थंड असते आणि गल्लीही शांत असते.