गच्चीवर बांधलेले विमान

विमान फक्त मोठ्या कारखान्यात तयार होते असे आपल्याला वाटते. पण मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधले. ते वैमानिक. विमान सहा माणसे बसतील एवढे.

लहान विमाने पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच जड. पण त्याला वेल्डिंग केले तर पत्रा तापून नरम पडतो. म्हणून पत्रे रिबिटांनी जोडतात.

रिबिट अशी मारतात. आधी दोन्ही पत्र्यांना छिद्र पाडायचे. छिद्राची कड घासून गुळगुळीत करायची, नाहीतर तिथूनच पत्र्याला तडा जातो. मग रिबिट घालायची. एक माणूस इकडून ठोकतो, दुसरा तिकडून जड लोखंड धरतो. शेपूट चपटी झाली की पत्रे पक्के बसले. एका विमानाला अशा हजारो रिबिटा लागतात!

अमेरिकेत घरी विमान बांधायचे सुटे भाग पेटीत विकत मिळतात. पत्रे कापलेले, छिद्रे पाडलेली. तरी जोडायला लोकांना वर्षे लागतात. यादवांनी तर स्वतःच्या नकाशावरून बांधले.

माझे मामा वसमतला पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या करतात. मी म्हणलो, "मामा, तुम्हाला रिबिटा मारता येतात, मग आपण पण विमान करू की!" मामा म्हणले, "पेटीची रिबिट निघाली तर गिऱ्हाईक भांडायला परत येतं. विमानाची निघाली तर कोण परत येईल रे?"

म्हणूनच सरकार तपासल्याशिवाय विमान उडू देत नाही. यादवांचे विमान 2016 साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. 2017 साली सरकारदरबारी त्याची नोंद झाली. उडवून बघायची परवानगी 2019 साली मिळाली. 2020 साली ते धुळ्याला उडाले. तोवर त्यांनी धीर सोडला नाही. मला वाटते, बांधण्यापेक्षा थांबणेच लई अवघड असेल.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर कढईचा कान नीट पाहा. तिथे रिबिट दिसेल. बोटाने हलवून बघा. ढिली झाली असेल तर तेल तापायच्या आधी आईला सांगा.

— इयत्ता चौथी