साबणाची नक्षी आणि दीड महिन्याची सबुरी

पदराला पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की डाग निघण्याऐवजी लालभडक होतो. हळदीची मोठी बाजारपेठ असलेल्या हिंगोली-वसमतच्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणावर. घरी साबण करणाऱ्या भगिनींनाही हाच अनुभव येतो. हळद घातलेला साबण साच्यात ओतताना विटकरी दिसतो आणि पुढे आठवड्या-आठवड्याने निवळत केशरी, मग पिवळसर होतो.

रंगाचा हा खेळ पाहायला गंमत वाटते. पण त्वचेचे रुग्ण तपासणारा डॉक्टर म्हणून मला त्यात एक इशाराही दिसतो. ओतताना त्या लगद्यात क्षार आहे आणि तो चांगलाच तीव्र आहे.

अलीकडे दसरा-दिवाळीच्या प्रदर्शनांत हाताने केलेल्या साबणांचे स्टॉल दिसू लागले आहेत. दोन रंगांच्या लाटा, कमळ, पणती, वर वाळलेल्या पाकळ्या अशी त्यांची रूपे असतात. बचत गटाच्या महिलांना त्यातून चार पैसे मिळतात. हा उद्योग आपल्याकडे नवाही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, आणि खादी-ग्रामोद्योगाच्या यादीत अखाद्य तेल व साबण हा उद्योग फार पूर्वीपासून आहे. तेव्हा कोणाला नाउमेद करण्यासाठी हा लेख नाही. श्रावण सरत आला आहे, दिवाळीच्या साबणाची तयारी आता सुरू होईल, म्हणून चार गोष्टी वेळेवर सांगाव्यात एवढाच हेतू आहे.

साबण होतो म्हणजे काय?

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की दोघांचेही मूळ रूप जाते. त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. हे मिश्रण चुलीवर न शिजवता, कोमट असतानाच घोटून साच्यात ओतायचे, याला थंड पद्धत म्हणतात. तिचा फायदा असा की तयार झालेले सगळे ग्लिसरीन साबणातच राहते. शिवाय लगदा पातळ असताना त्यावर नक्षी काढता येते.

कॉस्टिक सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे आणि खाण्याचा सोडा तर नव्हेच. तो कातडी, डोळा, अन्ननलिका अक्षरशः विरघळवतो. मात्र माप बरोबर असेल आणि पुरेसा वेळ दिला असेल, तर तयार साबणात तो मोकळा उरत नाही. ही दोन्ही कलमे पाळली गेली नाहीत, की नक्षीचा साबण दवाखान्याची वाट दाखवतो.

तेल बदलले की माप बदलते

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सेनगाव तालुक्यातील एक ताई माझ्याकडे आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या बेचक्यांत भेगा, आणि आग इतकी की भाकरी थापता येईना. घरातल्या सासूबाईंनाही तोच त्रास होता. दोघींनीही घरी केलेला साबण वापरला होता. मी खोदून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, आधीचा साबण चांगला झाला होता. ह्या बारीला खोबरेल महाग होतं म्हणून निम्मं करडईचं घातलं. सोडा मात्र तेवढाच घेतला, कमी नाही केला."

दुखणे इथेच होते. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी असते. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढ्याच करडईच्या किंवा शेंगदाणा तेलाला सुमारे १३६ ग्रॅम, तर एरंडेलाला १२८ ग्रॅम पुरतो. ताईंनी किलोमागे १७५ ग्रॅम घेतला होता. निव्वळ खोबरेलाला तो योग्य होता. निम्मे करडई झाल्यावर गरज १६० ग्रॅमच्याही खाली आली, आणि किलोमागे पंधरा ग्रॅमहून अधिक कॉस्टिक साबणात मोकळा राहिला. तोच हातांना लागला.

औषधाने हात दोन आठवड्यांत बरे झाले. पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. गटाच्या कर्जातून केलेल्या साठ वड्या घरात पडून होत्या. "फेकून देऊ का?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, फेकू नका, पण विकूही नका. त्या वड्या हातमोजे घालून किसल्या, थोडे पाणी घालून मंद आचेवर वितळवल्या आणि किलोभर तेलामागे आणखी पावणेदोनशे ग्रॅम करडई तेल हिशेबाने मिसळले, तर मोकळा कॉस्टिक खपून जातो आणि थोडे तेल शिल्लकही राहते. त्यांनी तसे केले. दीड महिन्याने तो साबण वापरण्याजोगा झाला. कमळाची नक्षी गेली, दिवाळीचा बाजार हुकला, पण भांडवल बुडाले नाही.

घरच्यासाठी एक माप

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक साधे प्रमाण देतो. खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. यात साधारण पाच टक्के तेल मुद्दाम जास्त ठेवले आहे. ती सुरक्षिततेची पुरचुंडी समजावी. तेलसुद्धा वाटीने किंवा लिटरने नव्हे, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनानेच घ्यावे. यातले एकही तेल बदलल्यास हिशेब नव्याने करावा.

काम करताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. लांब बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि बाजूनेही बंद असणारा संरक्षक चष्मा घालावा. पदर खोचलेला असावा. लहान मुले आणि जनावरे जवळ नसावीत.

२. कॉस्टिक थोडा थोडा करून पाण्यात घालावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. नुसते मिसळल्यानेच पाणी चहाच्या आधणासारखे तापते आणि वाफ घशाला झोंबते. म्हणून हे काम अंगणात किंवा खिडकीपाशी करावे.

३. जर्मनचे, म्हणजे अल्युमिनियमचे भांडे चालत नाही. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणू नये.

४. कॉस्टिकचे पाणी दिसायला साध्या पाण्यासारखेच असते. ते तांब्यात, पेल्यात किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

दोन्ही द्रव कोमट झाले की तेलात कॉस्टिकचे पाणी ओतून घोटावे. पळीने सोडलेली धार पिठल्यावर उमटावी तशी वर रेघ धरू लागली, की रंग आणि वास मिसळून साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापाव्यात, तेव्हाही हातमोजे हवेतच.

ज्या घरात रांगते मूल आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये असे मी सांगेन. बाजारात साबणाचा तयार बेस मिळतो. तो वितळवून रंग घालून साच्यात ओतला की झाले. त्यात कॉस्टिक हाताळावा लागत नाही आणि नक्षीची हौसही भागते.

रंग, वास आणि रूप

नक्षीसाठी दोन युक्त्या पुरतात. थर हवे असतील तर खालचा थर शिऱ्यासारखा घट्ट झाल्यावरच वरचा ओतावा. लाटा हव्या असतील तर लगदा पातळ असतानाच दोन रंग आलटून पालटून ओतून काडी फिरवावी. रंगासाठी हळद, कॉफी, मुलतानी माती आणि काष्ठौषधींच्या दुकानातील मंजिष्ठ चालते. बीट आणि जास्वंद मात्र क्षारात टिकत नाहीत, तपकिरी पडतात. गुलाबाच्या पाकळ्याही तशाच काळवंडतात. रंगपंचमीचे रंग, गुलाल किंवा चमकी साबणात घालू नये. त्यात काय असते याचा भरवसा नाही, आणि चमकीचा कण डोळ्यात गेला तर इजा होते.

वासाच्या बाबतीत हात आखडता असावा. दालचिनी आणि लवंगेचे तेल "नैसर्गिक" म्हणून सढळ घालतात. माझ्या पाहण्यात अशा साबणाने मानेवर आणि काखेत पुरळ उठलेले रुग्ण आले आहेत. निसर्गातले ते निरुपद्रवी, असा नियम नाही. कॉस्टिकइतकाच बिब्बासुद्धा जाळतो आणि बिब्बा झाडालाच लागतो.

आणखी एक विनंती. लाडू, पेढा, बर्फी यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा साबण करू नये. दिवाळीच्या ताटाशेजारी असा साबण ठेवला तर चार वर्षांच्या मुलाने काय करावे? कमळ करा, पणती करा, शंख करा. मोदकाचा साचा एकदा साबणाला वापरला तर तो पुन्हा गणपतीच्या नैवेद्याला वापरू नका.

सबुरी किती दिवसांची?

कापलेल्या वड्या सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींना न टेकवता मांडून ठेवाव्यात आणि अधूनमधून उलटाव्यात. चार ते सहा आठवडे हे काम चालते. बरेचसे कॉस्टिक पहिल्या काही दिवसांतच खपते. पुढच्या आठवड्यांत पाणी उडून जाते, वडी घट्ट होते आणि अंगाला सौम्य लागते.

हिशेबाला आपले पंचांग सोपे आहे. अनंत चतुर्दशीला ओतलेला साबण नरक चतुर्दशीला बरोबर दीड महिन्याचा होतो, मध्ये अधिक महिना आला तर आणखीच मुरतो. म्हणजे अभ्यंगस्नानाचा साबण गणपती विसर्जनाच्या दिवसापर्यंत ओतून व्हायला हवा. दसऱ्याला ओतून दिवाळीला विकू, ही घाई ग्राहकाच्या त्वचेला महाग पडते.

साबण तयार झाला की नाही हे हळद लावून पाहतात, त्यावर विसंबू नये. चांगल्या साबणानेही हळद लालच होते. कारण शेतकरी मातीच्या अहवालात जो सामू पाहतात, तो साबणाचा नऊ-दहाच्या घरात असतो, निरोगी त्वचेचा मात्र पाचच्या आसपास. सामू तपासण्याची कागदी पट्टी मिळते. ओल्या वडीवर ती अकराच्या पुढे दाखवत असेल तर तो साबण वापरू नये. जिभेला लावून पाहण्याची रीत तर सोडूनच द्यावी.

अपघात झालाच तर

कोरडा कॉस्टिक अंगावर पडला तर आधी कोरड्या फडक्याने झटकावा. मग कपडे, बांगड्या, अंगठी काढून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे ती जागा धरावी. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, त्याने उष्णता वाढते आणि वेळ जातो. हळद, शाई, टूथपेस्ट यांचाही उपयोग नाही.

डोळ्यात थेंब गेला तर एक क्षणही दवडू नये. पापणी उघडी धरून अर्धा तास पाण्याची धार सोडावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. क्षार आम्लापेक्षा डोळ्यात खोल शिरतो. आधी डॉक्टर शोधायचा आणि मग डोळा धुवायचा, अशा उलट क्रमाने दृष्टी जाते.

कोणी गिळले तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. जाताना जाळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. तोंड खळखळून धुवून १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे.

विकणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

अंगाचा साबण विक्रीसाठी करायचा तर "सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०" प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. गटाने एकत्र येऊन ती वाट चोखाळावी. वेष्टनावर घटक आणि केल्याची तारीख लिहावी. ग्राहकांनीही ती तारीख विचारावी आणि दीड महिना मोजावा. नवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस वापरून पाहावा.

आणि एक भाबडी समजूत काढून टाकावी. कडुनिंबाच्या किंवा हळदीच्या साबणाने खरूज, गजकर्ण, कोड बरे होत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे, पण साबणातली चिमूटभर हळद मुख्यतः रंगापुरतीच असते. साबणाचे काम मळ काढण्याचे. ते काम साधी, बिनरंगाची वडीही तितकेच चोख करते, आणि जेवणापूर्वी व शौचानंतर तिने हात धुतले तर घरातली हगवण कमी होते.

म्हणून भगिनींनो, नक्षी हौसेने काढा, पण काट्यावरच्या मापाशी तडजोड करू नका आणि दिवस मोजायला कॅलेंडर भिंतीवरच ठेवा. खरेदीला आलेला माणूस रूप पाहून वडी उचलतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो तो मात्र त्याच्या अंगाची आग झाली नाही म्हणूनच.