सुटकाही वाटते, रडूही येतं

गर्भपातानंतर बाईला काय वाटायला हवं, हे तिच्याआधी बाकीच्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. 'जन्मभर मनाला खात राहील' हे तर ठरलेलं वाक्य. मग प्रत्यक्षात जिला हायसं वाटतं ती घाबरते. माझं काळीज दगडाचं आहे का, असं स्वतःलाच विचारू लागते.

तसं मुळीच नाही. अमेरिकेत डायना ग्रीन फॉस्टर यांच्या 'टर्नअवे' अभ्यासात ३० क्लिनिकांमधल्या जवळपास हजार बायकांशी पाच वर्षं बोलणं चालू होतं. काहींचा गर्भपात झाला होता, तर काहींना मुदत उलटली म्हणून परत पाठवलं होतं. निर्णय घेणं जड गेलं, असं गर्भपात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी सांगितलं. तरीही निर्णय बरोबर होता, असं दर टप्प्यावर किमान ९५ टक्के बायका म्हणाल्या. पाच वर्षांनीही सगळ्यात जास्त जाणवत होती ती सुटकाच. सुरुवातीला अधिक चिंता दिसली ती परत पाठवलेल्यांमध्ये. अपराधीपणा आणि दुःख जास्त होतं ते लोक नावं ठेवतील या धास्तीत असलेल्यांना, आणि तेही पहिल्या दोनेक वर्षांत बरंच ओसरलं.

आपल्याकडे ही धास्ती दवाखान्याच्या काउंटरपासूनच सुरू होते. 'मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल.' कायद्यानं ती लागत नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहितेलाही देता येतं आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे माहीत नसल्यामुळे कित्येकजणी मुकाट्यानं दुकानातून गोळ्या आणतात, घरी पाहुणे असले तर पोटात कळा येत असतानाही पोळ्या लाटतात आणि सासूला 'पाळीचा त्रास आहे' एवढंच सांगतात. माझ्या मते मन पोखरतं ते हे लपवणं.

म्हणून विश्वासातल्या निदान एका माणसाला आधीच सांगून ठेवावं, मग ती बहीण असो वा मैत्रीण. ते दोन-तीन दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. एखादे दिवशी रडू आलं म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांशी बोलावं किंवा १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.