यज्ञापेक्षा आज्ञा मोठी

शौल हा इस्राएलचा पहिला राजा. अमालेकी लोकांना हरवून तो परतला, तेव्हा संदेष्टा शमुवेल त्याला गिलगालला गाठायला गेला. ‘देवाची आज्ञा पाळली’ असे राजा सांगत होता आणि मागे लुटीची मेंढरे ओरडत होती, गुरे हंबरत होती. काहीही राखायचे नाही, असा हुकूम असताना शौलाने निवडक जनावरे ठेवून घेतली होती. शत्रूचा राजा अगाग यालाही जिवंत ठेवले होते. जाब विचारल्यावर त्याने लोकांकडे बोट दाखवले. ही जनावरे देवाला बळी द्यायलाच आणली, अशी सारवासारवही केली. शमुवेलाने त्याला सुनावले की, देवाला बळीपेक्षा आज्ञापालन अधिक मोलाचे. शौलाचे राजपद तिथेच नाकारले गेले.

देवाला अर्पण करून आज्ञाभंग झाकता येत नाही, हा विचार पुढच्या संदेष्ट्यांनी आणखी धारदार केला. यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभे राहून यिर्मयाने बजावले की परके, अनाथ आणि विधवा यांना छळणाऱ्यांना मंदिर वाचवणार नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळले. ‘आपल्यावर ही वेळ का आली?’ या प्रश्नाला धर्मग्रंथांनी दिलेले मुख्य उत्तर होते: करार मोडला म्हणून.

करार, कारण सीनाय पर्वतापाशी लोकांनी आज्ञा ऐकून होकार दिला होता. प्राचीन काळी सम्राट मांडलिकांकडून निष्ठेच्या शपथा घेत. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी घेतलेल्या शपथांच्या मातीच्या पाट्या इराकमधील निमरूद येथे सापडल्या. शपथ मोडणाऱ्यासाठी त्यांत दिलेले शाप आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातले शाप यांतले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. फरक इतकाच, की इथे सम्राटाच्या जागी देव आहे.

हा फरक साधा नाही. निष्ठा देवाला वाहिली की राजाही आज्ञेखाली येतो. ‘अनुवाद’ राजाला घोडे, बायका आणि सोने-चांदी यांची रेलचेल करायला मनाई करते. नियमशास्त्राची प्रत जवळ बाळगून ती रोज वाचायला लावते. उरिया या सैनिकाला मरणाच्या तोंडी देऊन त्याची बायको घेणाऱ्या दावीद राजाला संदेष्टा नाथान तोंडावर दोषी ठरवतो. इब्री मुलगे जन्मताच मारा, हा फारोचा हुकूम शिप्रा आणि पुवा या सुइणी मोडतात, कारण त्यांना देवाचे भय आहे. देवाची आज्ञा मानणे म्हणजे कधी कधी राजाची न मानणे.

मग हे आंधळे आज्ञापालन आहे का? मोरिया प्रदेशात मुलाचा बळी द्यायला निमूट निघालेला अब्राहामच त्याआधी सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो. ५० नीतिमान सापडले तर शहर वाचव, इथून सुरुवात करून तो १० वर येतो. देव ऐकून घेतो. शौलाला मिळालेल्या आज्ञेत मात्र बायका आणि तान्ही मुलेही मारायची होती. हा भाग आजच्याच वाचकाला बोचतो असे नाही. तालमूद या यहुदी ग्रंथातल्या एका कथेत खुद्द शौल विचारतो की मोठ्यांनी पाप केले, तर लहानांचा काय दोष? त्याला गप्प केले जाते. पण परंपरेने त्याचा प्रश्न पुसून टाकलेला नाही.

यहुदी परंपरा एकूण ६१३ आज्ञा मोजते. त्यांतल्या बहुतेक रणांगणावरच्या नाहीत. पुष्कळशा खाणे, शेती, कर्ज, मजुरी, विश्रांती अशा रोजच्या गोष्टींच्या आहेत. सातव्या दिवशी काम थांबवण्याची आज्ञा तर दास, परका आणि जनावर यांनाही विसावा देते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने जगातल्या इतर यहुद्यांपासून शतकानुशतके दूर राहूनही ती पाळली. तेलाच्या घाण्यावर पोट असलेली ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आज्ञापालनाची खरी कसोटी अशा रोजच्या वागण्यात असते. होमाच्या धुरात नसते.